चढावरचं अवजड वाहन

प्रश्न एकवीस होते, आणि त्यातले सोळा शीर्षकांबद्दल. लेकीने ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवले, कागद टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "आज तो माणूस येईल तेव्हा खरं सांगायचं, बाबा."

"सांगू की. खरं सांगायला माझं काय जातं?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी उजवा कान खाजवला.

तो कान बघून लेकीला काळजी लागली.

बाबांचा व्यवसाय बाहेरच्यांना समजावून सांगण्यात या घराचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ते संगीतकार होते, पण त्यांचं म्हणून एक गाणं कुणाला गुणगुणता आलं नसतं. ते तयार संगीत करायचे. "सिनेमावाले माप देऊन शिवून घेतात," ते सांगत. "आमचे दुकानात टांगलेले सदरे. ज्याला बसेल त्याने घालावा." तीस सेकंदांचा आनंद, साठ सेकंदांची काळजी, आणि प्रत्येकाची मुख्य धून काढून टाकलेली एक प्रत, कारण वर कुणीतरी बोलणार असायचं. असे तुकडे करून ते कंपनीला पाठवत, कंपनी ते कपाटात लावून ठेवी, आणि मग कुणी फरशी पुसायच्या साबणाची जाहिरात करो की पाणघोड्यांवर माहितीपट, कपाट उघडायचं आणि हवा तो तुकडा उचलायचा. बेचाळीस वर्षांत बाबांनी एकतीसशे तुकडे केले होते. दातांच्या दवाखान्यात, लिफ्टमध्ये, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' या वाक्याच्या मागे लोकांनी ते जन्मभर ऐकले होते आणि एकदाही लक्ष देऊन ऐकले नव्हते. बाबांना त्याचं काही वाटत नसे. "लक्ष गेलं तर माझं चुकलं," ते म्हणत.

मात्र प्रत्येक तुकड्याबरोबर कंपनीला एक पांढरं कार्ड लागायचं. वर शीर्षक, खाली एका ओळीत वर्णन, म्हणजे कपाट उघडणाऱ्याला आत काय आहे ते कळावं. इथे बाबांचं घोडं अडायचं. पहिल्या वर्षी त्यांनी 'तुकडा पहिला. वर्णन: बरा आहे' असं कार्ड पाठवलं आणि कंपनीने ते साभार परत केलं. तेव्हा आई म्हणाली, "आणा इकडे."

आई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दिवसभर ती बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायची. किंचित गढूळ. वास नाही. पिण्यास योग्य. संध्याकाळी त्याच हाताने ती कार्डं लिहू लागली. 'आशा, किंचित गढूळ.' 'न विचारलेला सल्ला, मध्यम गती.' 'पाहुणा अजून बसला आहे.' 'चष्मा सापडला, उत्साह ओसरला.' एकतीसशेच्या एकतीसशे कार्डं तिच्या अक्षरात. कंपनीच्या यादीत मात्र नाव एकच, बाबांचं.

आणि आता जुन्या तबकड्या शोधून नव्याने काढणाऱ्या एका माणसाला हे तुकडे सापडले होते. खरं तर त्याला सापडली होती शीर्षकं. पत्रात त्याने लिहिलं होतं की वीस वर्षं या शीर्षकांनी आपल्याला वेड लावलं आहे, निवडक चोवीस तुकड्यांची तबकडी आपण काढतो आहोत, तिला नाव द्यायचं आहे 'चढावरचं अवजड वाहन', आणि वेष्टनाचा मजकूर या आठवड्यात छपाईला जाणार आहे. मजकुराचा कच्चा खर्डा सोबत होता. 'संगीत आणि शीर्षके', आणि पुढे बाबांचं नाव.

आई जाऊन आठ महिने झाले होते. लेकीने तो खर्डा तीन वेळा वाचला. छपाईला जाण्याआधी त्या ओळीत आईचं नाव आलंच पाहिजे, एवढं एकच तिला आठ महिन्यांत नक्की ठरवता आलं होतं.

"हे तिचं आहे, बाबा."

"मी कुठे माझं म्हणतो?"

"मग सांगा त्याला तसं."

बाबांनी आवाज खाली आणला आणि जमिनीकडे पाहिलं. जमिनीखाली, म्हणजे खालच्या मजल्यावर, आत्या राहायची. "कार्डं लिहायला घेतली तेव्हाच तिने मला शपथ घातली होती. एकदा शीर्षकं कुणाची ते सांगितलं की लोक पुढे विचारणार, कुणावरून सुचली. आणि ते खाली कळलं म्हणजे?"

"कुणावरून सुचली?" लेकीने साळसूदपणे विचारलं.

"तुला काय करायचंय?"

लेकीला काही करायचं नव्हतं, कारण तिला सगळं माहीत होतं. आईचं कपाट आवरताना तिला स्वेटरांच्या घडीत प्रयोगशाळेची एक निळी नोंदवही मिळाली होती. डाव्या रकान्यात शीर्षक. उजव्या रकान्यात, जिथे एरवी विहिरीचा नाहीतर टाकीचा क्रमांक असतो, तिथे माणूस. 'पाहुणा अजून बसला आहे: दादा', म्हणजे आईचा सख्खा भाऊ, तिने माहेरालाही सोडलं नव्हतं. 'न विचारलेला सल्ला: जाऊबाई.' 'दार आपटून गेलेली मुलगी, पंधरा सेकंदांत परत: कार्टी.' आणि 'चढावरचं अवजड वाहन: वन्सं.' वन्सं म्हणजे आत्या. वही लेकीने बाबांना दाखवली नव्हती. दाखवली असती तर त्यांनी ती हातात घेतली असती, आणि त्यांनी हातात घेतलेली वस्तू पुन्हा सापडल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

तबकडीवाला अकराच्या ठोक्याला आला. चाळिशीचा, उंच, गुडघे कुठे ठेवावेत हे न कळणारा माणूस. त्याने बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग रेकॉर्डर टेबलावर ठेवला, वेष्टनाचा खर्डा आणि एकवीस प्रश्न मांडीवर ठेवले आणि सुरुवात केली.

"'चष्मा सापडला, उत्साह ओसरला.' हे कसं सुचलं?"

लेक स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. तिने गॅस बारीक केला.

"मोठा अस्वस्थ काळ होता तो," बाबा म्हणाले. "माणसाला दृष्टी मिळते. पण तोवर बघण्यासारखं काही उरलेलं नसतं."

"वा," तबकडीवाला म्हणाला. पेन कागदावर धावलं.

"'पाहुणा अजून बसला आहे'?"

"मृत्यू," बाबा म्हणाले.

स्वयंपाकघरात चमचा बशीवर पडला. मामा एकदा खुर्चीत बसला की उठायचा नाही हे खरं होतं, पण आपल्याला थेट मृत्यू केलं आहे हे ऐकून त्याने काय केलं असतं, देव जाणे. बहुधा आणखी एक कप मागितला असता. लेक ट्रे घेऊन बाहेर आली आणि बाबांकडे टक लावून उभी राहिली. बाबांनी कान खाजवत खिडकीबाहेर पाहिलं. आठव्या प्रश्नापर्यंत त्यांनी एक युद्ध, एक अर्धवट सुटलेलं अध्यात्म आणि एक परदेशी चित्रकार मैत्रीण एवढं सगळं उभं केलं होतं. तबकडीवाल्याचे डोळे भरून आले होते.

"नववा प्रश्न," तो म्हणाला, आणि सरसावून बसला. "आपल्या तबकडीचं नाव. 'चढावरचं अवजड वाहन.' मी हा तुकडा हजार वेळा तरी ऐकला असेन. तो ट्यूबा, एवढं पोट असलेलं पितळी वाद्य, आणि तरी किती हळुवार. हे कुठून आलं?"

"बंदरावरून," बाबा म्हणाले. "पहाटे मी एकटाच धक्क्यावर उभा होतो. जहाजांतून उतरवलेले ते मोठे ट्रक. धुकं. एकेक ट्रक चढ चढत…"

तेवढ्यात जिन्यात आवाज झाला.

धप्. धप्. मग कठड्याची कुरकुर. धप्, धप्.

खालच्या मजल्यावर पाहुण्याचा सुगावा लागला होता. बाबा बोलायचे थांबले. तबकडीवालाही लिहायचा थांबला. त्याची मान वर झाली आणि बोट आपोआप गुडघ्यावर वाजू लागलं.

धप्. धप्. कुरकुर. धप्, धप्.

"आता थांबणार," तो स्वतःशीच पुटपुटला. "दोन मात्रा."

सातव्या पायरीवर आवाज थांबला. एक श्वास, दुसरा श्वास.

"आता तो लांब सूर."

जिन्यातून एक लांबलचक उसासा आला.

तबकडीवाल्याने हळूच बाबांकडे पाहिलं. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर बघताना सापडलेल्या मुलासारखे बाबा त्याच्याकडे बघत होते.

"माझी थोरली बहीण," ते कुजबुजले. "तुम्ही काही ऐकलं नाही."

"मी वीस वर्षं ऐकतोय," तबकडीवालाही कुजबुजला. त्याचा चेहरा उजळला होता.

दार उघडंच होतं. आत्या आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, हॉस्पिटलात मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, आणि अजूनही कुठल्याही खोलीत शिरली की आधी चादरीकडे बघणारी. तिने तबकडीवाल्याला नखशिखान्त न्याहाळलं. तो उठून उभा राहिला आणि तिच्या गुडघ्यांकडे भक्तिभावाने बघू लागला.

"हे माझ्या पायांकडे का बघतायत?"

"तबकडीवाले आहेत, आत्या," लेक म्हणाली. "बाबांची मुलाखत घेतायत."

"याची?" आत्याने सगळ्यात ताठ पाठीची खुर्ची ओढली. "चालू द्या. मी आहे म्हणून थांबू नका. कुठवर आलात?"

"बं… बंदर," तबकडीवाला म्हणाला. खोटं बोलण्याचा त्याला सराव दिसत नव्हता. "पहाटेचं. हे धक्क्यावर उभे होते."

"हा?" आत्याने भावाकडे पाहिलं. "अरे, तू तलावातल्या होडीत बसलास आणि ओकलास. होडी काठाला बांधलेली होती. आणि पहाटे? याला दहाच्या आत कुणी जागा पाहिलाय का? आणखी काय काय सांगितलंय याने?"

तबकडीवाल्याने मागची पानं उलटली. त्याला आता राहवेना. "युद्ध."

"सपाट तळवे. सैन्यात घेतलंच नाही."

"चित्रकार मैत्रीण."

आत्या नुसती हसली. बाबा जरा दुखावलेले दिसले.

"हे बघा तबकडीवाले, हा उजवा कान खाजवायला लागला की पेन खाली ठेवायचं," आत्या म्हणाली. "लहानपणापासून असंच आहे. कुठलं गाणं ते? लावा बघू."

"ताई, राहू दे गं, जुनं आहे," बाबा म्हणाले.

"मी पण जुनी आहे. लावा."

तबकडीवाल्याने बाबांकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि शेवटी आयुष्यात एकदाच मिळणारी संधी सोडवेना म्हणून त्याने फोन काढून तो तुकडा लावला. ट्यूबा वाजू लागला. धप्. धप्. कुठल्याशा तंतुवाद्याची कुरकुर. धप्, धप्. आत्या मान तिरकी करून ऐकत होती. दोन मात्रांची शांतता आली, मग तो लांब सूर.

"ट्रक म्हणालास?" आत्या म्हणाली. "हा ट्रक नाही. ट्रक मध्येच दम खात नाही. हे माणूस आहे. बाई आहे. डाव्या गुडघ्यात पाणी झालंय तिच्या."

तबकडीवाल्याच्या मांडीवरून तो खर्डा घसरून जमिनीवर पडला, आणि लेकीला उलट्या बाजूने ती ओळ पुन्हा दिसली. संगीत आणि शीर्षके. तिच्या डोक्यात एक साधीशी गोष्ट आली. शपथ बाबांना घातली होती. तिला कुणी काही घातलं नव्हतं.

ती आत गेली आणि निळी वही घेऊन आली.

"शीर्षकं बाबांची नाहीत," ती म्हणाली. "आईची आहेत. सगळी. कुठलं कुणावरून घेतलं, तेही तिनेच लिहून ठेवलंय." आणि बाबांना हात पुढे करायला वेळ मिळण्याआधी तिने वही आत्याच्या मांडीवर ठेवली.

"अगं कार्टे," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखादी काच पडताना बघावी तसं ते बघत होते.

आत्याने चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. बोट उजव्या रकान्यावरून खाली सरकत राहिलं, एका जागी थांबलं, पुन्हा चालू लागलं. मेट्रनचा राउंड चालला होता. लेकीने ट्रेची कड घट्ट धरली. खालच्या मजल्याशी अबोला म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. एकदा शिलाई मशीनवरून तो तीन वर्षं टिकला होता.

बऱ्याच वेळाने आत्याने वर पाहिलं.

"चार?" ती म्हणाली.

"काय?" बाबांनी विचारलं.

"माझे चार. आणि हिच्या जाऊबाईंचे अकरा. अकरा. त्या बाईत अकरा गाण्यांचा ऐवज आहे? सल्ले देण्यापलीकडे काय केलंय तिने जन्मात?"

"सगळे सल्ल्यांचेच आहेत, ताई."

"मला सांगू नकोस. हिच्या भावाचे नऊ. नुसता बसून राहतो तो, आणि नऊ. मी इतकी वर्षं हा जिना चढतेय, आणि चार." आत्याने वही मिटली, बोट मात्र आत ठेवलं. "आता कळलं. सातव्या पायरीला मी थांबायचे, आणि वर आले की हिच्या हातात पाण्याचा पेला भरलेला असायचा. रोज. मी म्हणायचे, हिला कळतं कसं. 'या वन्सं, बसा वन्सं.' आणि दाराआड उभी राहून मोजत होती, लबाड."

लबाड हा शब्द तिने असा म्हटला की लेकीला ट्रे खाली ठेवावा लागला.

"तबकडीवाले," आत्या म्हणाली, "नाव छापा तिचं. याच्याएवढ्याच अक्षरात. याला काय, याला नुसतं ऐकू येतं. तो दम खाणारा ट्रक याला सुचला असता का? करणारी कोण होती ते कळू दे सगळ्यांना. भोगू दे तिला." मग तिला आठवलं की आता ते शक्य नाही, आणि तिने पदराने चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

तबकडीवाल्याने जमिनीवरचा कागद उचलला. "एक विचारू का? हे 'हे' कोण आहेत? मघाशी मी पलीकडून वाचत होतो. पानंच्या पानं भरली आहेत. 'आशा, किंचित गढूळ: हे.' 'गुळगुळीत रस्ता, उगाच घाई: हे.' 'हरवलेली किल्ली खिशातच: हे.'"

आत्याने आणि लेकीने एकदमच बाबांकडे पाहिलं.

"मला दे," बाबा म्हणाले.

ते वाचू लागले. ही वही आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आईने त्यांना सांगितली होती ती बाकीच्यांची नावं. "'आशा, किंचित गढूळ' म्हणजे मी?" ते म्हणाले. "मला म्हणाली होती, हवामानाबद्दल आहे." पानं उलटत ते शेवटच्या भरलेल्या पानावर आले. तिथे अक्षर थोडं हललेलं होतं, पण रकाने सरळ होते. लेकीला ते पान पाठ होतं. डावीकडे 'संध्याकाळ. वास नाही. पिण्यास योग्य.' आणि उजवीकडे पुन्हा तेच एका अक्षराचं नाव, जे ती त्यांच्याबद्दल बोलताना वापरायची.

बाबांनी कान खाजवला नाही.

"नाव कसं लिहायचं?" तबकडीवाल्याने हळूच विचारलं.

आठ महिने बाबा आईला 'ती' म्हणत होते. दूधवाल्याशी, बँकेत, डॉक्टरांशी, सगळीकडे ती. आता त्यांनी तबकडीवाल्याच्या हातातून पेन घेतलं, खर्ड्यातल्या 'आणि शीर्षके' या शब्दांवर आडवी रेघ मारली, खाली नवी ओळ सुरू केली आणि लिहिता लिहिता आईचं पूर्ण नाव मोठ्याने म्हटलं, स्वच्छ, एकेक अक्षर सोडवून.

"माहेरचं आडनावही घाल," आत्या म्हणाली. "नऊ गाणी दिलीत त्यांनी."

बाबांनी तेही घातलं.

मग तबकडीवाल्याने आठही उत्तरं फाडली आणि पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात केली. या खेपेला उत्तरं द्यायला तिघं होते आणि एकमेकांचं बोलणं तोडत होते, त्यामुळे दोन वाजून गेले. मृत्यूच्या जागी मामा आला. आत्याने तबकडीवाल्याला गुडघ्यांना कोमट तेल लावायला सांगितलं आणि त्याने तेही कागदावर टिपून घेतलं. तो जाताना तिने त्याला दारातच अडवलं.

"अकरावाली कुठे छापू नका. तिला कळलं तर ती तबकड्या वाटत सुटेल."

तो गेला. आत्याही उठली. दाराशी येऊन तिने भावाकडे पाहिलं.

"पाच तरी कर," ती म्हणाली. "चार म्हणजे अगदीच कसंतरी दिसतं."

"कार्ड कोण लिहिणार?" बाबा म्हणाले.

आत्याने लेकीकडे बोट केलं आणि ती जिना उतरू लागली. उतरताना आवाज वेगळा होता. धप्धप्, धप्धप्, सातव्या पायरीवर मुळीच थांबणं नाही, फक्त कठड्यावरून सरकणाऱ्या बांगड्या. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मग ते आत आले आणि त्यांनी पियानोवरची चादर काढली. आठ महिन्यांत तिच्यावर वर्तमानपत्रं, औषधांची बिलं आणि एक मोजा जमला होता. ते सगळं त्यांनी लेकीच्या हातात दिलं. डाव्या हाताने खालच्या दोन पट्ट्या दाबून बघितल्या. मग बांगड्यांची जागा शोधू लागले.

लेकीने खणातून एक कोरं कार्ड काढलं. 'आयुष्याच्या उतारावरची एक प्रेमळ', एवढं लिहून तिने बाबांना वाचून दाखवलं.

"छे," बाबा न वळताच म्हणाले. "तिने फाडून टाकलं असतं. काय दिसतंय तेवढंच लिही."

लेकीने दुसरं कार्ड घेतलं. बराच वेळ पेन तसंच धरलं. मग लिहिलं, 'उतारावरचं अवजड वाहन. ब्रेक उत्तम. किंचित खूश.' निळी वही उघडून ते डाव्या रकान्यात उतरवलं आणि उजव्या रकान्यात, आईच्याच जुन्या शब्दात, 'वन्सं' लिहिलं. आत्याशी तिचं ते नातं नव्हतं, पण रकाना आईचा होता.

जमिनीखालून छतावर काठीचे दोन ठोके आले, आणि त्यामागून मेट्रनचा आवाज.

"ऐकू येतंय मला. मी एवढी भरभर उतरत नाही."

बाबांनी गती जरा कमी केली.